दोन गाई, दोन वासरं, एकच जागा

मांसासाठी पाळलेल्या गाईंच्या प्रदर्शनात वासरासह गाय हा गट सगळ्यात फसवा. एकट्या कालवडींच्या गटात नजर एकाच जनावरावर ठेवायची असते. इथं कधी गाय देखणी आणि वासरू बेताचं, तर कधी वासरू झकास आणि आई खंगलेली. गोठ्यात अशा दोन जोड्या आहेत आणि न्यायची एकच, तेव्हा काय बघायचं?

समजा एक काळी आहे, अँगस जातीची, तीन वर्षांची, दुसऱ्या वेताची. तिच्या पायाशी ७० दिवसांची वासरी. दुसरी तांबडी, हेरफर्ड जातीची, पाचव्या वेताची. तिचा गोऱ्हा १४० दिवसांचा.

लांबून पाहिलं तर तांबडीच डोळ्यांत भरते. पाठ रुंद, केसांवर चकाकी, आणि शेजारचा गोऱ्हा काळीच्या वासरीच्या दीडपट. पण मी आधी वासरू बघतो, मग आई. या गाईंची धार कुणी काढत नाही, त्यामुळे दूध किती हे मोजायला वासरू हेच माप.

माप लावायचं तर जन्मतारीख हवी. गोऱ्हा आज १८० किलो आणि जन्मला तेव्हा ४० किलोचा होता, तर १४० दिवसांत १४० किलो, म्हणजे रोज १ किलो. वासरी ११४ किलो, जन्माच्या वेळी ३४. ७० दिवसांत ८० किलो, रोजची वाढ १ किलो १४० ग्रॅमच्या आसपास. छोटी दिसणारी पुढे निघाली, आणि तीही मादी असून. एरवी गोऱ्हे जोरात वाढतात. शिवाय आई कोवळी. अमेरिकेतल्या बीफ इम्प्रूव्हमेंट फेडरेशनच्या प्रचलित तक्त्यात, तुलनेसाठी सगळ्या वासरांचं २०५ दिवसांचं वजन काढताना, तीन वर्षांच्या आईच्या वासरीला ३६ पौंड, म्हणजे साधारण १६ किलो, वरचे देतात. ५ ते १० वर्षांच्या आईच्या वासराला काहीच नाही. एकच खबरदारी घ्या. गोऱ्ह्याच्या छातीखाली आणि शेपटीच्या बुडाशी हात लावा. तिथं मऊ चरबी लागली तर वाढ आईच्या दुधाची नसून वेगळ्या आंबोणाची असू शकते.

वासरू अगदीच लहान, दोन-तीन आठवड्यांचं असेल तर मात्र हे गणित सोडून द्या. तेव्हा फक्त हाडपेर, सरळ पाय आणि सुकलेली, सूज नसलेली बेंबी बघायची.

आता आईचं अंग. अंगावरच्या चरबीला अमेरिकेत १ ते ९ आणि ब्रिटनमध्ये १ ते ५ असे गुण देतात; १ म्हणजे खंगलेली, वरचा आकडा म्हणजे लठ्ठ. नऊच्या मापात विताना गाय ५-६ वर असावी असं धरतात. काळीच्या फासळ्या दिसत नाहीत, पण बोटं दाबली की हाताला लागतात. ती ५ वर. तांबडीच्या शेपटीच्या दोन्ही बाजूंना चरबीचे गोळे आहेत, छातीखाली झोळ आहे; ती ८ वर. प्रदर्शनाच्या रिंगणात ही चरबी खपते, कारण चरबी खाचाखोचा भरून काढते. पण पाच महिने वासरू लुचत असताना गाय एवढी सुटली असेल, तर खाल्लेलं कासेत न जाता पाठीवर गेलंय. उलट टोकाची, पाठीचा कणा वर आलेली गायही मी नेणार नाही. खूप दूध देऊन जी स्वतः खंगते ती वेळेवर माजावर येत नाही.

माजावरून आठवलं. गाईचा गाभणकाळ साधारण २८३ दिवसांचा, म्हणजे दरवर्षी वासरू हवं तर विल्यापासून ८२ दिवसांच्या आत ती पुन्हा फळली पाहिजे. काळीची ती मुदत अजून सरलेली नाही, तिला संशयाचा फायदा. तांबडीला १४० दिवस झाले. ती गाभण आहे का? नसेल तर पुढच्या वर्षीची तारीख हुकलीच.

कासेवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि तोही रिंगणात नाही, पहाटे गोठ्यात. वासरू नुकतंच पिऊन बाजूला झालेलं असतं तेव्हा खाली वाकून बघा. लुचलेले सड ओले, गुलाबी, स्वच्छ दिसतात. तांबडीचे मागचे दोन तसे आहेत. पुढचे दोन बाटलीसारखे जाड, आणि त्यांतल्या एकावर धूळ आणि गवताची काडी चिकटलेली. म्हणजे गोऱ्हा त्याला तोंडच लावत नाही. आजच्या थोराड गोऱ्ह्याला तीन सड पुरतात. पुढच्या वेतातलं ओलं, धडपडणारं वासरू मात्र असा जाड, खाली लोंबणारा सड तोंडात घेऊ शकत नाही आणि चिकाला मुकतं. काळीची कास पोटाला घट्ट बसलेली, चारही सड आखूड आणि ओले. काही जण वासराला रात्रभर दूर बांधून कास तट्ट फुगवून आणतात. गाईला ते दुखतं, आणि नीट बघणाऱ्याला त्यातून कासेचा आकार कळण्याऐवजी लबाडी कळते.

काळीत दोष नाही असं नाही. मागच्या डाव्या पायाचा बाहेरचा खूर आतल्या बाजूला वळायला लागलाय. ओल्या मातीवरून चालवली तर मागचं पाऊल पुढच्याच्या ठशात नीट पडतं, म्हणून आज चालून जाईल. पण खुरांची ठेवण काही अंशी रक्तातून येते, आणि तिच्या वासरीचे खूर मी वर्षभर बघत राहीन. तांबडीचे पाय चारही चांगले. पाचव्या वेतापर्यंत असे राहिलेले पाय ही मोठी जमेची बाजू आहे. हा एकच मुद्दा मला निवडीत अडवतो.

जाती वेगळ्या असल्या की एकच फूटपट्टी लावू नका. सिमेंटल मुळात दुधासाठीही पाळलेली, तिची कास मोठी असणारच. शारोले आणि लिमुझीनमध्ये मागच्या मांड्यांचं मांस बघतात. बेल्जियन ब्लूचं दुहेरी मांस, म्हणजे जन्मजात फुगीर स्नायू, डोळे दिपवतं, पण त्याच मांसापायी कित्येक गाईंना शस्त्रक्रियेनंच वासरू काढावं लागतं; वासरासह उभ्या आईला जोखताना हे विसरायला होतं.

मी काळी नेईन. तांबडी तपासणीत गाभण निघाली तर तिच्या पायांसाठी पुन्हा विचार करीन, तरी तो धुळीचा सड मनातून जाणार नाही. नियमपत्रिकेत वासराच्या वयाची अट आणि ते गाईच्या पोटचंच हवं का, हे आधी वाचून घ्या. आणि वासरीला आजपासून दोर लावा, रोज दहा मिनिटं, आई समोर दिसेल अशा जागी. रिंगणात वासरी लांब राहिली की काळी हंबरते, मान फिरवते, आणि मग परीक्षकाला तिची पाठ कधीच सरळ दिसत नाही.