जिम्नी: आंब्याचा एक हंगाम आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

डांबरी रस्ता जिथे संपतो त्याच्या पुढे ज्यांचं घर, शेत किंवा काम आहे, त्यांनी ही गाडी डोळे झाकून घ्यावी. ज्यांचा सगळा प्रवास डांबरावरचा आहे त्यांनी आवडली तर जरूर घ्यावी, पण मग तिच्याकडून मोठ्या गाडीच्या सुखाची अपेक्षा करू नये. मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी, हाताने गिअर टाकायची, आंब्याचा एक हंगाम आणि एक अख्खा पावसाळा राबवून झाल्यावर माझं मत हे असं झालं आहे.

आमची कलमं राजापूर तालुक्यात. वाडीच्या देवळापाशी डांबर संपतं. पुढे कातळ, मग दोन गडग्यांमधली (दगडी कुंपणांमधली) अरुंद पाणंद, मग उतार, पऱ्या म्हणजे ओढा, आणि पलीकडची लाल मातीची चढण. मे महिन्यात त्या वाटेवर घोटाभर धूळ असते आणि जुलैत जांभ्यावर असं शेवाळ धरतं की पायी चालणारा माणूसही काठी घेऊन उतरतो. बाग मी आणि दीर मिळून बघतो. नवऱ्याची नोकरी कोल्हापूरला, त्यामुळे अणुस्कुरा घाट वरचेवर. म्हणजे गाडीला दोन्ही कामं करायची होती, बागेतली आणि घाटातली.

आधी आम्ही नाशिकला बनणारी थार पाहिली. गाडी दणकट आहे, इंजिनात ताकदही भरपूर. अडलं ते रुंदीवर. थार १८२० मिलिमीटर रुंद आणि जिम्नी १६४५. शोरूममध्ये हा फरक डोळ्यांत भरत नाही. पाणंदीत दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे असतात, तिथे मात्र हीच साडेसतरा सेंटिमीटर निर्णायक ठरली. अजूनही वळणावर दीर खाली उतरून "वहिनी, आरसे मिटा" म्हणून सांगतात, आणि आरसे मिटले की गाडी निघते.

ही गाडी इतकी अरुंद का, याचं उत्तर जपानमध्ये आहे, आणि ते कळलं की तिच्या चांगल्या-वाईट दोन्ही बाजूंचा उलगडा होतो. सुझुकीची सुरुवात गाड्यांची नव्हे. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये हमामात्सुला मागांचा कारखाना काढला. १९५२ मध्ये सायकलला लावायचं छोटं इंजिन आलं आणि १९५५ मध्ये सुझुलाइट नावाची पहिली चारचाकी. जपानमध्ये तेव्हा छोट्या गाड्यांचा एक वेगळा वर्ग होता, त्याला 'केई' म्हणतात. लांबी तीन मीटरच्या आत, रुंदी १.३ मीटरच्या आत, इंजिन ३६० सीसीच्या आत. एवढं पाळलं की कर कमी. होप मोटर नावाच्या एका लहान कंपनीने या मापात बसणारी चारही चाकांना जोर देणारी गाडी बनवली होती, पण तिला ती चालवता आली नाही. १९६८ मध्ये सुझुकीने ते हक्क विकत घेतले. त्यासाठी आग्रह धरणारे ओसामु सुझुकी. हे सुझुकी घराण्याचे जावई, दत्तक होऊन त्यांनी सासरचं आडनाव लावलं होतं आणि पुढे १९७८ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले. भारतात मारुतीशी हातमिळवणीही त्यांच्याच काळातली.

पहिली जिम्नी १९७० ची, ३५९ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. तीन मीटरची मर्यादा मोडू नये म्हणून स्टेपनी मागे टांगण्याऐवजी आत ठेवली आणि त्यापायी एक सीट गेली, गाडी तीन माणसांची झाली. मला हे फार आवडतं. मापात राहायचं म्हणून माणूस कमी केला, पण खालची शिडीसारखी चौकट, डावं-उजवं चाक एकाच दांड्याने जोडणारे दोन्ही अखंड धुरे आणि कमी गतीचा वेगळा गिअर यांना हात लावला नाही. पन्नासहून अधिक वर्षं झाली, चार पिढ्या झाल्या, जगातल्या बहुतेक कंपन्यांनी या वर्गातल्या गाड्या मऊ आणि शहरी करून टाकल्या, तरी जिम्नीत या तिन्ही गोष्टी आजही आहेत.

आपल्याकडे तिची दुसरी पिढी १९८५ मध्ये जिप्सी म्हणून आली. लष्करात, पोलिसांत आणि रॅलीत तिने नाव कमावलं. ताडोब्याला गेलेल्या प्रत्येकाने ती पाहिली आहे, वाघ दिसो न दिसो. जपानमध्ये पिढ्या बदलत गेल्या, लोखंडी पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जागी कॉइल स्प्रिंग आल्या, आपली जिप्सी मात्र शेवटपर्यंत पाट्यांवरच धावली. मधली पिढी आपण पाहिलीच नाही. त्यामुळे जिप्सी चालवलेला माणूस जिम्नीत बसला की पहिल्या खड्ड्यातच चकित होतो. आमच्याकडे कलमं बांधायला येणारे एक काका लष्करातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी एक फेरी मारली आणि उतरताना नुसतं बॉनेटवर थोपटलं.

आताची चौथी पिढी जपानमध्ये २०१८ ला आली. पाच दारांची २०२३ च्या जानेवारीत दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत दाखवली आणि जूनमध्ये १२.७४ लाखांपासून विक्रीला आली. तीन दारांच्या गाडीपेक्षा हिची चाकांमधली लांबी ३४० मिलिमीटर जास्त आहे. जपानमधल्या ६६० सीसी जिम्नीचा मूळ सांगाडाच इथेही आहे. बाहेरून गाडी रुंद दिसते ती चाकांवरच्या काळ्या प्लास्टिकच्या कमानींमुळे. आत बसल्यावर शेजारच्याचा खांदा लागतो आणि मागे फक्त दोघं बसतात, त्याचं कारण हेच. अनेक मालक 'एवढ्या पैशात चारच सीट?' म्हणून नाराज असतात. त्यांची तक्रार खरी आहे. पण ज्या मापामुळे गाडी आमच्या गडग्यांमधून जाते, त्याच मापामुळे आत जागा कमी आहे. एक घेतलं की दुसरं सोडावं लागतं.

पैशांचंही असंच. लांबी ३९८५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरच्या आत. पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं असल्यामुळे छोट्या गाडीची करसवलत हिला लागू होत नाही. बाहेरून छोटी आणि किंमत मोठी, असं गिऱ्हाइकाला वाटतं ते त्यामुळेही.

आता चालवण्याचं. गिअरच्या शेजारी दुसरा छोटा दांडा आहे: २एच, ४एच, ४एल. नेहमी २एच, तेव्हा जोर फक्त मागच्या चाकांना. ओली माती लागली की चालू गाडीत, चाकं सरळ ठेवून ४एच, मग जोर चारही चाकांना. ४एलसाठी मात्र थांबायचं, क्लच दाबायचा आणि दांडा दाबून मागे घ्यायचा. मग गती साधारण निम्मी होते आणि जोर दुप्पट. पऱ्यापलीकडच्या चढणीवर मी पहिल्या गिअरला पाय जवळजवळ उचलून घेते, गाडी आपली चालत राहते. एक ठिकाण असं आहे की तिथे डावं पुढचं चाक हवेत जातं. तेव्हा ते चाक क्षणभर गरगरतं, मग खालून कर्रकर्र असा आवाज येतो, ब्रेक त्याच चाकाला आपोआप धरतो आणि जोर पलीकडच्या चाकाला मिळतो. पहिल्यांदा तो आवाज ऐकून मोडतोड झाली असं वाटतं. काही झालेलं नसतं. पाय काढायचा नाही, एक्सिलरेटर हलका आणि एकसारखा ठेवायचा, गाडी स्वतःला ओढून घेते. उतरताना हिल डिसेंटचं बटण दाबलं की ब्रेकवर पायही लागत नाही. शेवाळलेल्या जांभ्यावर मला सगळ्यात जास्त धीर या बटणाने दिला आहे.

एक महत्त्वाची गोष्ट नव्या मालकांना कोणी नीट सांगत नाही. कोरड्या डांबरावर ४एच लावून फिरायचं नाही. हिला मधला डिफरन्शियल नाही, पुढची-मागची चाकं वळणावर वेगळ्या वेगाने फिरू शकत नाहीत, त्यामुळे सगळ्या यंत्रणेवर पीळ बसतो. स्टिअरिंग जड झालं, वळणावर गाडी अडखळली की समजायचं, दांडा २एचवर आणायचा राहिला.

वजन बाराशे किलोच्या आसपास, जमिनीपासून उंची २१० मिलिमीटर. चिखलात हलकी गाडी म्हणजे मोठा आधार. भारी गाडी ताकदीने निघते, पण रुतली तर ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. ही चार माणसांनी ढकलली तरी हलते. छताच्या कडेने पत्र्याची पन्हळ दिली आहे, तीही मला मनापासून आवडते. कोकणातल्या पावसात दार उघडलं की छतावरचं पाणी सीटवर पडत नाही, पुढे-मागे वाहून जातं. मागचं दार मात्र बाजूला उघडतं, त्यामुळे सामान काढताना डोक्यावर आडोसा मिळत नाही. इरलं तेवढं हाताशी ठेवावं.

सामानाची जागा २०८ लिटर, म्हणजे दोन पिशव्या आणि पाण्याचा कॅन. आंब्याच्या दिवसांत मागच्या सीट पाडूनच ठेवतो, मग पेट्या बऱ्या बसतात. पण सासूबाई सोबत असल्या की एक सीट उभी करावी लागते आणि अर्धी जागा गेली. त्यांचं मत वेगळंच आहे. त्यांना चढायला उंच पडते, पायरी बसवून घ्यावी लागली, आणि मागे एसीचे झोत नाहीत म्हणून मे महिन्यात त्या पुढेच बसतात. पण वाटेला उतरावं लागत नाही, थेट मांगरापर्यंत (बागेतल्या खोपीपर्यंत) जाता येतं, याचं त्यांना मोठं अप्रूप. आधी त्या देवळापासून चालत यायच्या आणि गुडघ्यांमुळे बागेत येणंच सोडलं होतं. यंदा मोहोर त्यांनी स्वतः पाहिला.

घाटात आणि हमरस्त्यावर चित्र बदलतं. के१५बी इंजिन चार सिलिंडरचं, १०५ पीएस, १३४ न्यूटन मीटर, टर्बो नाही. गुळगुळीत आहे, पण अणुस्कुऱ्याच्या चढाला दुसऱ्या गिअरला घेऊन इंजिन जोरात फिरतं ठेवावं लागतं. ट्रकला मागे टाकायचं तर आधी नीट ठरवून घ्यावं. अखंड धुऱ्यामुळे स्टिअरिंग वळणानंतर स्वतःहून चटकन सरळ होत नाही, हाताने आणावं लागतं. मोटारीची सवय असलेल्यांना हे खटकतं आणि जुन्या-नव्या जिम्नीवाल्यांमध्ये सगळ्यात जास्त चर्चा याचीच ऐकू येते. ऐंशी-नव्वदपर्यंत ती खुशीत असते, त्याच्या वर वाऱ्याचा आवाज वाढतो. चौकोनी आकाराला हे चुकत नाही. कंपनीचा आकडा मॅन्युअलला लिटरमागे १६.९४ किलोमीटरचा आहे. घाट आणि बाग धरून मला चौदाच्या आसपास मिळतात. पावसाळ्यात ४एलचं काम वाढलं की त्याहून कमी. टाकी ४० लिटरची, हे लांबच्या प्रवासात लक्षात ठेवावं.

उंच आणि अरुंद गाडी वळणावर वेगाने घ्यायची नाही, हे तर या घराण्यात जुनंच आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांच्या मासिकाने सुझुकी समुराईला (जिम्नीच्या दुसऱ्या पिढीचं तिथलं नाव) उलटण्याच्या कारणावरून 'अस्वीकार्य' ठरवलं. सुझुकीने खटला भरला आणि २००४ मध्ये तडजोडीने तो मिटला. आताच्या गाडीत घसरणारी गाडी सावरणारी ईएसपी यंत्रणा आणि सहा एअरबॅग सगळ्याच प्रकारांत आहेत. तरीही उंची ती उंचीच. दुसरीकडे हीच समुराई, अर्थात बरेच बदल करून, चिलीतल्या दोघांनी २००७ मध्ये ओहोस देल सालादो या ज्वालामुखीवर ६,६८८ मीटरपर्यंत नेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिला जिथे न्यायला बनवलं तिथे सावकाश न्या.

भारतात जिम्नी अपेक्षेइतकी खपली नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. लोकांनी तिला शहरातल्या कुटुंबाची गाडी म्हणून तोलली, जाहिरातींचा रोखही बराचसा तसाच होता. जपानमध्ये मात्र गुरुग्रामला बनलेली हीच पाच दारांची गाडी २०२५ च्या जानेवारीत जिम्नी नोमेड म्हणून जाहीर झाली आणि चार दिवसांत पन्नास हजारांच्या आसपास मागणी येऊन नोंदणी थांबवावी लागली. तिथे जिम्नी काय करते आणि काय करत नाही, हे लोकांना पन्नास वर्षं माहीत आहे.

ऑटोमॅटिक घ्यावी का, असं बऱ्याच जणी विचारतात. तिला चारच गिअर आहेत, यंत्रणा जुनी पण भरवशाची. गावातल्या गर्दीत सुखाची. घाटात मात्र गिअर खाली टाकून इंजिन ओरडतं, आणि खडी चढण सावकाश चढताना मला क्लचवरचा ताबा हवा असतो, म्हणून मी मॅन्युअल घेतली. देखभालीत विशेष काही नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा चौकटीवर आणि धुऱ्यांवर खालून पाण्याचा मारा करून लाल माती काढून टाका, ती तिथे साचून राहिली की गंज धरतो. टायर बदलले की बॅलन्सिंग चुकवू नका. अखंड पुढच्या धुऱ्याच्या गाडीत चाकाचा जरासा असमतोलही स्टिअरिंगमध्ये थरथर होऊन येतो.

बघायला जाणार असाल तर शोरूमभोवतीची फेरी पुरेशी नाही. घरातल्या सगळ्यात उंच माणसाला मागे बसवा, हमरस्त्यावर नव्वदपर्यंत नेऊन बघा, आणि जमलं तर जवळच्या एखाद्या खाणीच्या किंवा शेताच्या वाटेवर ४एल लावून चढवून बघा. सोबत पेट्या, पिशव्या, जे काही रोज न्यायचं असेल ते घेऊन जा आणि मागचं दार लागतंय का ते तिथेच पाहा.