आमच्या गावचे वाचनालय: चोवीस खुर्च्या आणि एक कपाट

मेहकरहून लोणारकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत असलेल्या आमच्या गावात, ग्रामपंचायतीच्या इमारतीला लागून दोन खोल्यांचे सार्वजनिक वाचनालय आहे. मी गेली सहा वर्षे त्याची सभासद आहे. गावाचे आणि वाचनालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढे काही तक्रारी येणार आहेत, आणि त्या ज्यांच्याविषयी आहेत ती माणसे मला रोज भेटतात. त्यांच्या हेतूविषयी माझ्या मनात शंका नाही.

आधी व्यवस्थेविषयी. अनामत १०० रुपये, वर्गणी महिन्याला २० रुपये, आणि एका वेळी एक पुस्तक पंधरा दिवसांसाठी मिळते. वेळ सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ अशी आहे. अभ्यासिकेचे शुल्क वेगळे, महिन्याला १५० रुपये, आणि ती रात्री दहापर्यंत उघडी असते. वीज गेली तरी दोन दिवे आणि दोन पंखे चालतील एवढा इन्व्हर्टर लोकवर्गणीतून घेतलेला आहे. उन्हाळ्यात माठाचे पाणी कधी संपलेले मी पाहिले नाही. ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर काम करतात, शासनाचे अनुदान उशिरा आले की तेही लांबते, आणि तरीही वाचनालय वेळेवर उघडले नाही असा दिवस सहा वर्षांत मला आठवत नाही.

पहिल्या खोलीत अभ्यासिका आहे. तिथे चोवीस खुर्च्या आहेत आणि भरतीची जाहिरात निघाली की एकही रिकामी नसते. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक, जिल्हा परिषद, राज्यसेवा अशा परीक्षांची मुले-मुली तिथे बसतात. भिंतीवर मागच्या पाच-सहा वर्षांत नोकरीला लागलेल्यांचे फोटो आहेत. दुसऱ्या खोलीत पुस्तकांची कपाटे आहेत. त्यांपैकी तीन गाईड आणि प्रश्नसंचांनी भरलेली आहेत, दोन कथा-कादंबऱ्यांची आणि धार्मिक ग्रंथांची, आणि खिडकीजवळचे एक उरलेल्या सगळ्याचे: विश्वकोश, इतिहास, चरित्रे, वनस्पती, पक्षी, खडक, आकाश. हा सगळा अभिप्राय मुख्यतः त्या एका कपाटाविषयी आहे.

अभ्यासिकेला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. आमच्याकडे शेती कोरडवाहू आहे, सोयाबीन आणि तूर पावसाच्या भरवशावर पेरली जाते, आणि घरात एक पगार सुरू झाला की त्या घराची दहा वर्षांची घडी बदलते. माझ्या शेजारच्या मजूर कुटुंबातली मुलगी याच अभ्यासिकेत अभ्यास करून पोलिसात लागली आणि तिच्या दोन्ही धाकट्या भावांचे शिक्षण आज तिच्या पगारावर चालते. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. अशा स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांना जागा, दिवा आणि पंखा देणारी खोली गावात असणे ही मोठी सेवा आहे. या बाबतीत वाचनालयाला मी मनापासून पूर्ण गुण देईन.

माझ्याकडे स्वतःकडे डी.एड.चे प्रमाणपत्र आहे आणि मुक्त विद्यापीठाची बी.ए.ची पदवी आहे. दोन्ही कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी पेटीत ठेवले आहेत. शिक्षिकेची नोकरी मिळाली नाही, लग्नानंतर शेती आणि घर हेच काम झाले, आणि त्याचे दुःख आता पूर्वीसारखे बोचत नाही. वेगळी गोष्ट मात्र फार उशिरा लक्षात आली. डी.एड.ला असताना पाठ टाचणाच्या वह्या मी सुवाच्य अक्षरात भरल्या होत्या, आणि ‘अग्निजन्य खडकांची दोन उदाहरणे लिहा’ या प्रश्नाला ‘बेसाल्ट, ग्रॅनाइट’ असे उत्तर लिहून पूर्ण गुण मिळवले होते. ज्या पाट्यावर मी रोज ठेचा वाटत होते तो पाटाही बेसाल्टचाच होता, हे मात्र मला तेव्हा माहीत नव्हते. ते मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्या खिडकीजवळच्या कपाटातले खडकांविषयीचे एक पुस्तक वाचताना कळले. पुस्तक तसेच हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेले, पाटा धुऊन पालथा केला आणि उन्हात नेऊन पाहिला. टाकीचे घाव नसलेल्या खालच्या बाजूला बारीक पांढरे ठिपके होते आणि लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेली, मोहरीच्या दाण्याएवढी भोके होती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा इतकी वर्षे माझ्या हाताखाली होता.

ते पुस्तक नेताना ग्रंथपालांनी तारीखपट्टी उघडून मला दाखवली होती. ती कोरी होती. “ताई, दहा वर्षं झाली घेऊन, तुम्हीच पहिल्या,” असे ते म्हणाले, आणि शिक्का मारताना त्यांना झालेला आनंद मला स्पष्ट दिसला.

त्या पुस्तकानंतर मी लोणारच्या मागे लागले. आमच्या घरापासून सरोवर पंधरा किलोमीटरवर आहे, लग्न होऊन आल्यापासून मी तिथे कितीदा तरी गेले आहे, आणि विष्णूने मारलेल्या लवणासुराची गोष्ट तर इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पण हा खळगा उल्केच्या आघातानेच झाला हे माणसांना कळले कसे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे दीर्घकाळ अनेक अभ्यासक याला ज्वालामुखीचे मुखच मानत होते, आणि दख्खनचा हा सगळा भाग लाव्ह्याचा असल्यामुळे तसे वाटणे साहजिकही होते. सरोवराच्या तळाशी छिद्रे पाडून काढलेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट सापडले आणि त्याविषयीचे संशोधन १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा आघाताची बाजू पक्की झाली. मॅस्केलिनाइट म्हणजे प्रचंड दाबाच्या धक्क्याने काचेसारखे झालेले फेल्डस्पार, म्हणजे बेसाल्टमध्ये असणारे एक खनिज. ज्वालामुखीत उष्णता असते, पण असा धक्का नसतो. एवढे एक वाक्य नीट समजायला मला चार संध्याकाळी लागल्या. विश्वकोशातल्या चार-पाच नोंदी पुढे-मागे चाळाव्या लागल्या, आणि त्या चार संध्याकाळी मी वर्षभरातल्या सर्वात चांगल्या संध्याकाळींमध्ये धरते.

याच सुमारास अभ्यासिकेतला एक मुलगा दोन गाईड घेऊन माझ्याकडे आला. “काकू, लोणारचं वय किती लिवाचं? या गाईडात एक आहे, त्यात दुसरंच देलं.” मी त्याला जेवढे वाचले होते तेवढे सांगितले. आघाताने वितळून झालेल्या काचेत साठलेल्या ऊर्जेवरून मोजले तर वय सुमारे ५२ हजार वर्षे येते, आणि आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून मोजले तर सुमारे ५ लाख ७० हजार. दोन्ही मापने जाणकारांनीच केलेली आहेत आणि त्यांत दहापटींचा फरक आहे. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मंग पेपरात काय लिवाचं?” मी म्हटले, उत्तरतालिकेत जे असेल तेच लिही बाबा, गुण सोडू नको. हे सांगताना मला जराही संकोच वाटला नाही, कारण त्याचा गुण हा त्याच्या घराचा प्रश्न होता. पण परीक्षेच्या चार पर्यायांत ‘अजून वाद आहे’ हा पर्याय कधीच नसतो, आणि जिथे वाद आहे तिथूनच खरी गोडी सुरू होते, हे त्या मुलाच्या चेहऱ्यावर मला दिसले. तो पुस्तक न नेता गेला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

एका रविवारी तो, त्याची बहीण आणि मी सरोवराच्या काठावर गेलो. आमच्या भागातल्या कोणत्याही नाल्याच्या काठाला बेसाल्टचे थर टोपल्यात रचलेल्या भाकरींसारखे एकावर एक आडवे दिसतात. लोणारच्या कडेला मात्र तेच थर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. कडा आजूबाजूच्या सपाटीपेक्षा सुमारे ३० मीटर उंच आहे आणि खळग्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्या मुलाने एका थरावर तळहात ठेवला आणि तो कुठल्या दिशेला उतरतो ते हातानेच पाहिले. मग त्याने पलीकडच्या काठाकडे बोट दाखवून विचारले की तिकडचे थर उलट्या दिशेला कललेले असतील का. हा प्रश्न कोणत्याही प्रश्नसंचात नाही. आम्ही दीड तास चालून पलीकडे गेलो, आणि ते तसेच होते.

आता तक्रारी. विश्वकोशाच्या संचातला ‘ल’ या अक्षराचा खंड गेली तीन वर्षे गहाळ आहे, आणि लोणारपासून पंधरा किलोमीटरवरच्या वाचनालयात नेमका तोच नसावा याचे मला फार वाईट वाटते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली या कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. ते वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेले होते, आणि नावामागची ‘तर्कतीर्थ’ ही पदवीसुद्धा त्यांनी परीक्षा देऊनच मिळवली होती. म्हणजे पदवी आणि विद्या यांचे वैर असलेच पाहिजे असे काही नाही. विश्वकोश आता संकेतस्थळावरही विनामूल्य वाचता येतो आणि मी मोबाइलवर वाचतेही. पण कपाटातला खंड चाळताना शोधलेल्या नोंदीच्या शेजारची नोंद आपोआप डोळ्यांपुढे येते, आणि माझे निम्मे शिक्षण त्या शेजारच्या नोंदींनी केलेले आहे.

दुसरी तक्रार खरेदीची. मागच्या वर्षी घेतलेली सगळी पुस्तके गाईड आणि प्रश्नसंच होती. मी समितीतल्या एका सदस्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “पोरं लागली तर वाचनालयाचं नाव होते, ताई.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण गाईड दोन वर्षांत जुने होते, अभ्यासक्रम बदलतो आणि ते रद्दीत जाते; खडकांचे पुस्तक मात्र दहा वर्षे कोरे राहूनही माझ्या कामाला आले. दर वर्षीच्या खरेदीतला निदान पाचवा हिस्सा परीक्षेशी संबंध नसलेल्या पुस्तकांसाठी राखावा, असा लेखी अर्ज मी दिला आहे. तो अजून बैठकीपुढे आलेला नाही.

तिसरी गोष्ट मुलींची. अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी असली तरी आठनंतर एकही मुलगी तिथे नसते, कारण आठला ग्रंथपाल कपाटे बंद करून घरी जातात आणि पुढे कोणी मोठे माणूस तिथे नसते. शुल्क मात्र दोघांना सारखेच आहे. सकाळी लवकर, सहा वाजता, अभ्यासिका मुलींसाठी उघडता आली तर हा प्रश्न पुष्कळसा सुटेल.

एका वाचकाविषयी लिहिल्याशिवाय हा अभिप्राय अपुरा राहील. आमच्या गावातली सत्तरीच्या पुढची एक मावशी दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, त्या जागी या दिवसांत पुस्तकांचे स्टॉल रांगेने लागतात, आणि मजुरीच्या पैशांतून पुस्तके घेणारी माणसे तिथे हजारोंनी असतात. मावशी दर वर्षी एक पुस्तक विकत आणते, वर्षभर नातवाकडून थोडे थोडे वाचून घेते आणि पुढच्या दसऱ्याच्या आधी वाचनालयाला देऊन टाकते. “मले वाचता येत नाई, पण आयकता तं येते,” असे ती म्हणते. बाबासाहेबांच्या परदेशातल्या पदव्यांचा तिला अभिमान आहे आणि त्यांच्या घरातल्या ग्रंथसंग्रहाचाही तितकाच. खिडकीजवळच्या कपाटातल्या सर्वात खालच्या फळीवर तिची अकरा पुस्तके आहेत. त्यांच्या तारीखपट्ट्या कोऱ्या नाहीत.

वाचनालय सोमवारी बंद असते. नवीन सभासदांना आधार कार्डाची प्रत आणि एक फोटो लागतो. खडकांचे पुस्तक सध्या कपाटात मिळणार नाही. त्या मुलाने ते नेले आहे, परत करण्याची तारीख होऊन बारा दिवस झाले आहेत, आणि ग्रंथपालांनी अजून दंडाची आठवण केलेली नाही.