बॅट डिटेक्टर: पाकोळ्यांची शिकार ऐकण्यासाठी

हातात मावणारा, एकच चकती असलेला साधा हेटरोडाइन बॅट डिटेक्टर बरेच महिने वापरतोय. तिन्हीसांजेला पाकोळ्या, म्हणजे किडे खाणारी छोटी वटवाघळं, डोक्यावरून फिरतात तेव्हा आपल्याला सगळं शांत वाटतं. खरं तर त्या जोरजोरात ओरडत असतात. आपला कानच २० किलोहर्ट्झच्या वरचं काही ऐकत नाही. कंप्रता निवडायची चकती ४५ किलोहर्ट्झच्या आसपास आणली की स्पीकरमधून टप्‌टप्‌ ठोके येऊ लागतात. यंत्र स्वतःची एक कंप्रता तयार करतं आणि पाकोळीच्या आवाजाशी तिचा जो फरक उरतो, तो आपल्याला ऐकवतं.

सगळ्यात भारी क्षण शिकारीचा. नुसतं हिंडताना सेकंदाला दहाएक ठोके असतात. किडा हेरला की ते दाटत जातात आणि शेवटी नुसतं झर्रर्र! तेव्हा सेकंदाला दीडशेच्याही वर हाका सुटतात, कारण किडा पळत असतो आणि परत येणारा प्रत्येक प्रतिध्वनी त्याचा नवा ठावठिकाणा सांगतो. मग एकदम खंड पडतो. असा झर्रर्र चालू असतानाच दिव्याजवळचा एक पतंग पंख मिटून धपकन खाली पडताना मी पाहिलाय. नॉक्टुइड कुळातल्या पतंगाच्या प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या जेमतेम दोन पेशी असतात, आणि जीव वाचवायला तेवढ्या पुरतात! १९३८ साली डोनाल्ड ग्रिफिन आणि जी. डब्ल्यू. पिअर्स या शास्त्रज्ञांनी वटवाघळांच्या या हाका यंत्रावर पकडल्या, तोवर माणसाला त्यांचा पत्ताच नव्हता.

उणिवाही आहेत. चकतीवर उजेड नाही, त्यामुळे अंधारात आकडे दिसत नाहीत. एका वेळी काही किलोहर्ट्झचाच पट्टा ऐकू येतो. चकती ४५वर असताना ८०वर ओरडणारी जात शेजारून निघून गेली तरी कळत नाही. नुसत्या ठोक्यांवरून जात ठरवू नका, त्यासाठी पूर्ण पट्टा रेकॉर्ड करणारं यंत्र लागतं. खिशातल्या चाव्या खुळखुळल्या तरी हा वाजतो, पण घेताना चालू आहे का ते तपासायला तीच युक्ती कामी येते.

झाडाला लटकणाऱ्या मोठ्या फळखाऊ वटवाघळांसाठी मात्र हा घेऊ नका. त्यांची भिस्त डोळ्यांवर आणि नाकावर असते.