इतवारीच्या सराफ्यातील मठारलेले चांदीचे ताट

नागपूरच्या इतवारीतील सराफा बाजारात चांदीच्या भांड्यांना कधीच तोटा नसतो, पण त्यातील बहुतेक भांडी देवघरासाठी, आहेरासाठी किंवा बारशाच्या वाटी-चमच्यापुरती असतात. रोजच्या जेवणात वापरता येतील अशी, आजच्या घराला शोभणारी हातघडणीची भांडी करून देणारी पेढी मात्र शोधावी लागते. तेथील एका जुन्या पेढीने असा संच करायला घेतला असून त्यातील ताट, वाट्या, फुलपात्र आणि चमचा सध्या आमच्या घरी रोजच्या वापरात आहेत.

ताटावर वेलबुट्टी, मोर, कमळ यांपैकी काहीही नाही. सगळी शोभा मठारकामाची आहे. मध्यापासून काठाकडे गोलाकार ओळींत पडलेले हातोडीचे ठोके एकमेकांच्या कडेवर किंचित चढलेले आहेत, कोणताही ठोका शेजारच्यासारखा हुबेहूब नाही आणि तरीही हात फिरवला तर कोठेही खडबड जाणवत नाही. साच्यात दाबून काढलेल्या ताटावर हेच खळगे एकसारखे आणि निर्जीव दिसतात. शिवाय ठोक्यांचे काम केवळ दिसण्यापुरते नसते: ठोके पडतील तसा पत्रा कडक होत जातो, फार कडक झाला की तडकू नये म्हणून कारागीर तो तापवून पुन्हा मऊ करतो आणि शेवटच्या फेरीतील ठोक्यांनी आलेला कडकपणा ताटात तसाच राखतो. त्यामुळे भरलेले ताट एका हाताने उचलले तरी काठ वाकत नाही.

चांदी ९२५ टंचाची, म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध असून उरलेला भाग मुख्यतः तांब्याचा आहे. शुद्धतेच्या ओढीने अनेकजण ९९९ची चांदी मागतात. पूजेच्या भांड्यांना ती ठीक आहे, पण रोज घासल्या-आपटल्या जाणाऱ्या ताटाला ती फार मऊ पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाट्या सुबक आहेत आणि त्यांची बैठक पक्की आहे. सर्व धातूंत उष्णता सर्वात चांगली वाहून नेणारा धातू चांदीच असल्याने कढत वरण वाढताच वाटी क्षणात चटका देते. घडवणाऱ्याने काठ बाहेर वळवून दुहेरी केला आहे, म्हणून बोटांना धरायला निदान जागा मिळते. फुलपात्रात गार पाणी किंवा ताक तर नागपूरच्या मे महिन्यात फारच सुखाचे वाटते. चमचा मात्र निराशा करतो. त्याची मान बारीक आहे आणि घट्ट श्रीखंड काढताना ती लवते. संचातील इतके चांगले काम पाहिल्यावर ही उणीव अधिकच खटकते.

पावतीवर वजन, चांदीचा भाव, घडणावळ आणि जीएसटी वेगवेगळे लिहून मिळाले, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. हातघडणीची घडणावळ अर्थातच जास्त असते आणि मोडीत देताना ती परत मिळत नाही, तेव्हा केवळ गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. चांदीचे हॉलमार्किंग ऐच्छिक आहे. म्हणून प्रत्येक नगावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि शुद्धतेचा अंक आहे का, हे ग्राहकाने स्वतः पाहून घ्यावे.

निगा अवघड नाही. अंडे आणि कांदा यांतील गंधकामुळे चांदी काळवंडते आणि ओले मीठ राहिल्यास तिला बारीक खड्डे पडू शकतात, म्हणून जेवण होताच ताट सौम्य साबणाने धुऊन लगेच कोरडे करावे. राख, रांगोळी किंवा तारेची घासणी कटाक्षाने टाळावी. रसायनात बुडवून चकचकीत करणेही मला पसंत नाही, कारण ठोक्यांच्या खळग्यांत हळूहळू साचणारी करडी छटा त्यात निघून जाते आणि मठारकाम सपाट दिसू लागते. मागणी नोंदवताना ताट व वाट्या निःशंकपणे घ्याव्यात. चमचा हवाच असेल, तर त्याची मान जाड ठेवायला आधीच सांगावे.