अंग आंबल्यावर काय करावं? गार पाणी, शेक, मालिश की हलकी हालचाल

जिना चढताना फारसं काही वाटत नाही, पण उतरताना मांड्या अशा धरतात की कठडा सोडवत नाही. व्यायामाला नव्याने लागलेल्या बहुतेकांनी हे अनुभवलेलं असतं. यामागचं कारण कळलं की उपाय निवडणं सोपं जातं, म्हणून आधी तेच पाहू.

मराठीत आपण 'अंग आंबलं' म्हणतो आणि दोष लॅक्टिक ॲसिडला देतो. पण व्यायामात वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे या ॲसिडचंच शरीरातलं रूप, साधारण तासाभरात ओसरतं आणि ही दुखणी सुरू होतात 12 ते 24 तासांनी. ती 24 ते 72 तासांच्या दरम्यान सर्वात जास्त असतात आणि आठवड्याभरात जातात. स्नायूला भार पेलत पेलत लांबावं लागतं, तेव्हा त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. उतारावरून धावणं, वजन सावकाश खाली आणणं, बैठक मारताना खाली जाणं ही तशी कामं आहेत. हे दुखणं स्नायूच्या आतल्या सूक्ष्म फाटण्याचं असावं, असं अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी 1902 मध्येच मांडलं होतं. इजेनंतर दुरुस्तीसाठी दाह होतो आणि त्याने तिथले मज्जातंतू हळवे होतात.

आता निवडीचं बोलू. माझ्या मते पहिला प्रश्न 'कमी काय दुखेल' हा नाहीच. उद्या याच स्नायूंकडून काम करून घ्यायचं आहे, की काही महिन्यांत ते बळकट करायचे आहेत, हे आधी ठरवा.

उद्या पुन्हा सामना किंवा शर्यत असेल, तर गार पाणी. 10 ते 15 अंश सेल्सियसच्या पाण्यात 10 ते 15 मिनिटं बसल्याने पुढच्या दिवसांतलं दुखणं कमी होतं, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. पण वजनं उचलून स्नायू कमवायचे असतील, तर दर व्यायामानंतर ही सवय नको. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या 12 आठवड्यांच्या एका प्रयोगात, गार पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद हलकी हालचाल करणाऱ्यांपेक्षा कमी वाढली. हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करूच नये.

शेकाने ताठरलेलं अंग मोकळं झाल्यासारखं वाटतं. घाई नसलेल्या माणसाला मी गार पाण्याआधी शेकच सुचवेन. मात्र मुरगळून सूज आली असेल तर ताज्या इजेवर शेक देऊ नका.

मालिश आणि फोम रोलर (अंगाखाली घेऊन स्नायू रगडायचा फोमचा दंडगोल) यांत मालिश उजवी. रोलरचा फायदा लहान आहे, पण तो आपल्या हातात आहे आणि कोणाची वाट पाहावी लागत नाही. दोन्हींत दाब सोसवेल इतकाच हवा. दात आवळून रगडल्याने बरं होण्याचा वेग वाढत नाही.

स्ट्रेचिंगवर लोकांचा विश्वास मोठा, पण अनेक प्रयोग एकत्र तपासल्यावर दुसऱ्या दिवसाचं दुखणं 100 गुणांच्या मापावर जेमतेम एक गुण कमी झालेलं दिसलं. लवचिकतेसाठी जरूर करा, या दुखण्यासाठी नको.

पूर्ण विश्रांती आणि हलकी हालचाल यांत मी बिनदिक्कत हालचाल निवडते. चालणं, सावकाश सायकल, पोहणं. आराम तात्पुरता असतो हे खरं, पण दर वेळी मिळतो आणि नुकसान काही नाही. जड व्यायाम मात्र त्याच स्नायूंना दोन-तीन दिवस नको.

वेदनाशामक गोळ्या मी शेवटी ठेवते. आयब्युप्रोफेनसारखी औषधं घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. शिवाय दुखणं दबलं की खरी इजा लक्षात येत नाही. व्यायाम चालू असतानाच कळ आली, दुखणं एकाच जागी किंवा सांध्यात असलं, तर ते अंग आंबणं नव्हे. आणि लघवी गडद तपकिरी झाली, स्नायू फार सुजले, हातापायांत जोर राहिला नाही, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा; स्नायू मोठ्या प्रमाणात मोडत असल्याची ती खूण असू शकते.

या सगळ्यांपेक्षा भरवशाचा उपाय व्यायामाच्या आधीचा आहे. नवा व्यायाम पहिल्या दिवशी थोडाच करा. तोच आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा केलात तर दुखणं बरंच कमी असेल, कारण एकदा सोसलेला भार स्नायू पुढच्या वेळी अधिक चांगला झेलतो.