आर्चेस हॉट प्रेस पेपर : रानफुलं रंगवणाऱ्यांनी घ्यावा का? हो, नक्की!

बॉटनिकल आर्ट, म्हणजे झाडाफुलांची हुबेहूब चित्रं काढायला शिकतेय तेव्हापासून कोल्ड प्रेस, म्हणजे दाणेदार पृष्ठभागाचा जलरंगाचा कागदच वापरत होते, लॅण्डस्केपला तो झकास, पण पानाच्या बारीक शिरा काढायला गेलं की दाणेदार कागदावर रेष तुटते आणि उगाच वाटत राहतं की आपलाच हात कच्चा आहे. म्हणून आर्चेस कंपनीचा हा हॉट प्रेस कागद घेतला, ३०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), १०० टक्के कॉटन, एकदम गुळगुळीत.

पावसाळ्यात यावर कळलावी केली. मागे वळलेल्या पाकळ्या, नागमोडी कडा, बुडाशी पिवळा आणि वर लाल, शिवाय पानाचं टोकच लांब होऊन त्याचा ताणा बनतो आणि तो आधाराला गुंडाळतो, ते वेटोळं जवळजवळ कोरड्या ब्रशने थरावर थर देत केलं आणि अगदी हवं तसं उतरलं!! कितीही थर दिले तरी कागद उकलला नाही.

मोठा वॉश, म्हणजे मोठ्या भागावर पातळ रंगाचा सलग थर देणं मात्र अवघड, रंग भराभर वाळतो आणि कडा उमटतात. पळसाचं पान असेल तर दोन शिरांमधला एकेक भाग ओला करून रंगवा, जमतं.

महाग आहे हो. रंग जुळवायचा सराव साध्या कागदावर करा, आणि पॅडपेक्षा मोठा शीट आणून घरी कापा. ऑनलाइन मागवला तेव्हा कोपरे दुमडून आले, त्यामुळे दुकानातूनच घ्या. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, तिच्यासाठी तरी एक शीट राखून ठेवाच.