डीप पर्पलचा 'मेड इन जपान' : जॉन लॉर्डसाठी तरी ऐकाच

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा हा लाइव्ह अल्बम लोक घेतात रिची ब्लॅकमोरच्या गिटारसाठी नाहीतर इयान गिलनच्या गळ्यासाठी, आणि दोघं भारी आहेतच, पण माझ्यासाठी हा पहिल्यापासून शेवटपर्यंत कीबोर्डवाल्या जॉन लॉर्डचा अल्बम आहे. रॉक बँडमधला कीबोर्डवाला म्हणजे मागे बसून रिकाम्या जागा भरणारा असं वाटत असेल ना तर 'हायवे स्टार' लावा, त्यात गिटारच्या आधी ऑर्गनचा सोलो येतो आणि लहानपणी क्लासिकल पियानो शिकलेला हात काय असतो ते तिथेच कळतं.

खरी गंमत त्याच्या आवाजात आहे. हॅमंड हा इलेक्ट्रिक ऑर्गन एरवी लेस्ली स्पीकरवर वाजवतात, तो स्पीकर आत फिरतो त्यामुळे सूर मऊ लहरत येतो, पण लॉर्डने आपला हॅमंड थेट मार्शल अँप्लिफायरला जोडला, तोच जो गिटारवाले वापरतात, मग ऑर्गन फाटायला लागला, गुरगुरायला लागला आणि ब्लॅकमोरसमोर बरोबरीने उभा राहिला. हेडफोन लावूनच ऐका, एका कानात गिटार दुसऱ्या कानात ऑर्गन, 'स्मोक ऑन द वॉटर'ची रिफ, म्हणजे परत परत येणारी ती छोटी धून, आधी एकटी गिटार वाजवते आणि मग ऑर्गन येऊन मिळतो तेव्हा ती केवढी जाड होते बघा! 'लेझी'च्या सुरुवातीला तर गाणं कुठलं तेही कळत नाही, नुसता लॉर्ड आणि त्याचा ऑर्गन, ती मिनिटं मी कितीही वेळा ऐकू शकतो.

ऑगस्ट 1972 मधले ओसाकाचे दोन आणि टोकियोचा एक असे तीन शो साउंड इंजिनिअर मार्टिन बर्चने रेकॉर्ड केले, आवाज आजही एकदम जिवंत वाटतो. 'द म्यूल'मधला ड्रम सोलो मला लांबलेला वाटतो, 'स्पेस ट्रकिन' जवळजवळ वीस मिनिटं चालतं पण ते मात्र एक सेकंदही कमी करू नये.

आणि हे सगळं करणारा लॉर्ड त्याच्या तीनच वर्षं आधी, 1969 ला, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बँड आणि ऑर्केस्ट्रा एकत्र वाजतील असा अख्खा कॉन्चेर्टो लिहून मोकळा झाला होता. पुढे व्हाइटस्नेक बँड, 1984 ला परत पर्पल, 2002 ला बँड सोडून पूर्णपणे स्वतःच्या रचनांकडे वळला, 2012 ला गेला. तरी कीबोर्ड प्लेयर म्हणून त्याची ताकद एका जागी ऐकायची तर हीच रेकॉर्ड.

पहिल्यांदा घेत असाल तर मूळ सात गाण्यांचाच घ्या. आवडला तर 1993 चा तीन सीडींचा 'लाइव्ह इन जपान' बघा, त्यात एकेका सीडीवर एकेक रात्र आहे, बहुतेक गाणी तीनदा येतात पण लॉर्डचे सोलो दर वेळी वेगळे, त्यामुळे कंटाळा येत नाही.